अपडेटचे पाठभेद

मराठीत 'आवृत्ती' हा शब्द आपण पुस्तकासाठी वापरतो आणि सॉफ्टवेअरसाठीही. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा योगायोग फार उपयोगी पडतो, कारण या लेखात जो प्रश्न आहे तो आपल्या ओळखीचाच आहे. एकाच ग्रंथाच्या दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या प्रती सापडल्या, तर कुठली प्रमाण मानायची? लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला हा प्रश्न रोज पडतो. एकच सॉफ्टवेअर दोन-तीन ठिकाणांहून मिळतं, प्रत्येक ठिकाणी त्याची आवृत्ती वेगळी असते, आणि अपडेट करताना त्यातली एक निवडावी लागते. ही निवड कोण करतं, कशाच्या आधारावर करतं आणि आपण तिच्यात कुठे लक्ष घालायचं, एवढंच सांगायचं आहे.

हा विषय या अंकात कशाला, असं काहींना वाटेल. आपल्या मंडळाचा हा अंक ज्या जुन्या संगणकावर जुळवला जातो त्यावर उबंटू आहे. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या मुलामुलींनी तो वापरला, प्रत्येकाने आपल्या गरजेचं काहीतरी त्यात घातलं. या वर्षी मोजलं तर तो आठ वेगवेगळ्या ठिकाणांहून अपडेट घेत होता. त्यातली दोन ठिकाणं तर बंदच झालेली होती. म्हणजे अंक वेळेवर निघणं-न निघणं या गोष्टीवरही अवलंबून आहे.

रेपॉझिटरी म्हणजे काय

वडोदऱ्यात राहणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. मध्यवर्ती ग्रंथालय शहरात, आणि तिथून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या. गावातल्या वाचकाला प्रत्येक प्रकाशकाकडे जावं लागत नव्हतं. पुस्तक निवडणं, नोंदवणं, पाठवणं हे सगळं मध्यवर्ती ग्रंथालय करायचं.

लिनक्समधली रेपॉझिटरी हे असंच मध्यवर्ती ग्रंथालय असतं. विंडोजवर आपण एखाद्या कंपनीच्या साइटवर जातो, फाइल उतरवतो आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत बसवतो. डेबियन किंवा उबंटूमध्ये सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपात रेपॉझिटरीत ठेवलेलं असतं. प्रत्येक पॅकेजवर नाव, आवृत्तीचा आकडा आणि 'मला चालायला आणखी कोणकोण लागतं' याची यादी असते. या यादीला डिपेन्डन्सी म्हणतात. आपल्या संगणकावर ॲप्ट नावाचा प्रोग्राम असतो, तो ग्रंथपालाचं काम करतो. डेबियन हा प्रकल्प १९९३ साली इयन मरडॉक यांनी सुरू केला, आणि उबंटू त्याच्याच पायावर उभं आहे. आपल्याकडे सी-डॅकने केलेलं 'बॉस' लिनक्ससुद्धा डेबियनवरच बांधलेलं आहे. म्हणून इथे जे सांगतेय ते तिन्हीकडे थोड्याफार फरकाने लागू पडतं.

आता दोन शब्द नीट वेगळे करून घ्या, कारण यातच सगळ्यांचा घोळ होतो. 'अपडेट' म्हणजे फक्त सूची नवी करणं. ॲप्ट सगळ्या रेपॉझिटऱ्यांना विचारतो, 'तुमच्याकडे आज काय काय आहे?', आणि ती यादी आणून ठेवतो. यात एकही प्रोग्राम बदलत नाही. 'अपग्रेड' म्हणजे त्या सूचीप्रमाणे खरोखर नव्या आवृत्त्या आणून बसवणं. सूची नवी न करता अपग्रेड केलं, तर ॲप्ट जुन्याच यादीवर विसंबून काम करतो आणि 'सगळं ताजं आहे' असं बिनदिक्कत सांगतो.

प्रत खरी कशावरून?

आपल्या विषयात हा प्रश्न किती गंभीर आहे ते सांगायला नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघालं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. १९०७ साली मंगळूरहून जे. एल. सालढाणा यांनी जी आवृत्ती काढली ती हस्तलिखितांवरून. लंडनला मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित आहे, त्यातली शब्दांची निवड बरीच वेगळी आहे. फादरांच्या हातची ओळ नेमकी कुठली, हे ठरवायला मूळ सही-शिक्क्याची प्रतच नाही. अभ्यासकांना अंदाजच करावा लागतो.

सॉफ्टवेअरमध्ये हा अंदाज परवडत नाही, कारण चुकीची प्रत म्हणजे थेट चोराला घराची किल्ली. म्हणून प्रत्येक रेपॉझिटरी आपल्या सूचीवर डिजिटल सही करते. त्या सूचीत प्रत्येक पॅकेजचा एक लांबलचक ठसा लिहिलेला असतो. पॅकेजमधलं एक अक्षर जरी कुणी बदललं तरी ठसा जुळत नाही. आपल्या संगणकावर त्या रेपॉझिटरीची सार्वजनिक चावी ठेवलेली असते, तिच्यावर सही ताडून पाहिली जाते. सही जुळली की सूची खरी, सूचीतला ठसा जुळला की पॅकेज खरं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. नवीन रेपॉझिटरी जोडणं म्हणजे तिच्या मालकाला आपल्या संगणकाची किल्ली देणं. पॅकेज बसवताना त्याला संपूर्ण मुभा असते. पूर्वी सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात ठेवायचे, म्हणजे एका छोट्या रेपॉझिटरीची चावी मुख्य रेपॉझिटरीच्या नावानेही चालून जायची. आता ती पद्धत मोडीत काढली आहे. प्रत्येक रेपॉझिटरीच्या नोंदीत 'साइन्ड-बाय' अशी ओळ लिहून ही चावी फक्त या दाराची, असं बांधून टाकतात. एखादी जुनी सूचना 'ॲप्ट-की' वापरा म्हणत असेल, तर ती कालबाह्य समजा.

हेच तुमच्या मोबाइलवरही घडतं. एखादं ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं आणि नंतर तेच एफ-ड्रॉइडवरून अपडेट करायला गेलात, तर अँड्रॉइड बहुतेक वेळा नकार देतो. ॲप तेच, पण सही वेगळी. आधीचं काढून टाका, मग हे घाला, असं तो सांगतो. त्रासदायक वाटतं, पण तो आपलंच रक्षण करत असतो.

एकापेक्षा जास्त कशाला?

'मग एकच रेपॉझिटरी ठेवा ना' असं कुणी म्हणेल. पण कोऱ्या संगणकावरही ती एक नसते. डेबियनमध्ये मुख्य रेपॉझिटरी वेगळी आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वेगळी. उबंटूत मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स आणि मल्टिव्हर्स असे चार विभाग. मेनची जबाबदारी कॅनॉनिकल ही कंपनी घेते, युनिव्हर्स प्रामुख्याने स्वयंसेवक सांभाळतात.

शिवाय स्थिर आवृत्तीचा एक स्वभाव असतो. डेबियन 'स्टेबल' एकदा बाहेर पडली की तिच्यातल्या पॅकेजांच्या आवृत्त्या जवळजवळ गोठवल्या जातात. चुका आणि सुरक्षेच्या भोकांची दुरुस्ती येते, नवी वैशिष्ट्यं येत नाहीत. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आली, डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये. मधली दोन वर्षं ज्याला नवं लिब्रेऑफिस हवं त्याने काय करायचं? त्याच्यासाठी 'बॅकपोर्ट्स' नावाची जादा रेपॉझिटरी आहे. उबंटूवर कुणीही आपली छोटी रेपॉझिटरी काढू शकतो, तिला पीपीए म्हणतात. आणि काही संस्था स्वतःचीच रेपॉझिटरी चालवतात. म्हणजे गरज खरी असते. अडचण तेव्हा येते, जेव्हा एकाच नावाचं पॅकेज दोन ठिकाणी असतं.

कोण जिंकतं?

ॲप्ट दोन गोष्टी पाहतो: प्राधान्याचा आकडा आणि आवृत्तीचा आकडा. आधी प्राधान्य. ज्याचं प्राधान्य जास्त, तो जिंकतो. प्राधान्य सारखं असेल तर नवी आवृत्ती जिंकते. आपण काहीच सांगितलं नसेल तर साधारण प्रत्येक रेपॉझिटरीला ५०० मिळतात, आणि संगणकावर आधीच बसलेल्या प्रतीला १००. बॅकपोर्ट्सला मुद्दाम १०० दिलेले असतात, म्हणून तिथलं पॅकेज आपण मागितल्याशिवाय येत नाही, पण एकदा घेतलं की त्याच्या पुढच्या दुरुस्त्या येत राहतात.

आपण स्वतः आकडे ठरवले तर त्याला 'पिनिंग' म्हणतात. लक्षात ठेवायला थोडक्यात असं: आकडा शून्याखाली असेल तर ते पॅकेज कधीच बसणार नाही. १ ते ९९ असेल तर आधी काहीच बसलेलं नसेल तरच बसेल. मधले आकडे नेहमीच्या व्यवहाराचे. आणि १००० किंवा त्याच्या वर असेल तर ॲप्ट मागे जाऊन जुनी आवृत्तीसुद्धा बसवेल. एरवी ॲप्ट कधीही मागे जात नाही, हा त्याचा पक्का नियम.

आवृत्तीच्या आकड्यालाही व्याकरण आहे. सुरुवातीला एखादा अंक आणि विसर्गासारखं चिन्ह असेल तर त्याला 'इपॉक' म्हणतात, आणि तो बाकी सगळ्यावर मात करतो. मध्ये नागमोडी टिल्ड असेल तर ती आवृत्ती तिच्या मूळ आकड्यापेक्षा जुनी धरली जाते. बॅकपोर्ट्सच्या पॅकेजांना हीच टिल्ड लावतात, म्हणजे पुढे मुख्य रेपॉझिटरीत तीच आवृत्ती आली की ती आपोआप वरचढ ठरते.

हे किती कामाचं आहे ते फायरफॉक्सच्या उदाहरणात दिसतं. उबंटू २२.०४ या आवृत्तीपासून फायरफॉक्स फक्त 'स्नॅप' या वेगळ्या पद्धतीने देऊ लागलं. रेपॉझिटरीत 'फायरफॉक्स' नावाचं पॅकेज आहे, पण ते नुसतं वाट दाखवणारी पाटी आहे. ते बसवलं की स्नॅप येतो. जानेवारी २०२४ पासून मोझिला स्वतःच्या रेपॉझिटरीतून नेहमीचा फायरफॉक्स देऊ लागली. तुम्ही ती रेपॉझिटरी जोडली, अपडेट केलं, फायरफॉक्स मागवला, आणि तरी स्नॅपच आला! का? उबंटूच्या त्या पाटीला इपॉक १ आहे. मोझिलाच्या पॅकेजला इपॉक नाही, म्हणजे शून्य. दोघांचं प्राधान्य ५००. मग मोझिलाचा आकडा शंभराच्या वर असला तरी ॲप्टच्या हिशेबात उबंटूची पाटीच 'नवी'. म्हणूनच मोझिला आपल्या सूचनांमध्ये तिच्या रेपॉझिटरीला १००० प्राधान्य द्यायला सांगते. एवढी एक छोटी फाइल लिहिली की प्रश्न मिटतो. मोझिलाच्या रेपॉझिटरीत मराठी भाषेचं पॅकेजही आहे. भाषेचं पॅकेज आणि ब्राउझर नेहमी एकाच रेपॉझिटरीतून घ्यावं, कारण दोघांची आवृत्ती जुळावी लागते.

फ्रँकनस्टाइनची गोष्ट

मेरी शेलीची १८१८ ची कादंबरी आपल्यापैकी बऱ्याच जणांना अभ्यासाला आहे. वेगवेगळ्या देहांचे तुकडे शिवून केलेला जीव. डेबियनची मंडळी अशाच संगणकाला गमतीने 'फ्रँकनडेबियन' म्हणतात. स्थिर आवृत्तीवर चाचणीच्या रेपॉझिटरीतलं एक पॅकेज आणलं, त्याला लागणारी लायब्ररी तिथूनच आली, त्या लायब्ररीवर अवलंबून असलेली आणखी वीस पॅकेजं बदलली. मागवलं एक, बदललं अर्धं घर. मग एक दिवस ॲप्ट म्हणतो, या दोघांच्या अटी एकत्र पाळता येत नाहीत, आणि गाडी तिथेच थांबते.

धोका फक्त गाडी थांबण्याचा नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा घालून ठेवल्याचं उघडकीला आलं. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला किंचित जास्त वेळ लागतोय असं जाणवलं, त्याने खोदून पाहिलं, म्हणून ते सापडलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये ते पॅकेज पोहोचलं होतं, स्टेबलमध्ये नव्हतं. म्हणजे जे निव्वळ स्टेबलवर होते ते सुटले, आणि ज्यांनी 'ताजं हवं' म्हणून अनस्टेबल जोडून ठेवलं होतं त्यांना धास्ती घ्यावी लागली.

त्यावरची दुरुस्तीही बघण्यासारखी आहे. ॲप्ट मागे जात नाही, मग जुनी चांगली आवृत्ती लोकांपर्यंत पोहोचवायची कशी? डेबियनने नवं पॅकेज काढलं आणि आकड्यातच लिहिलं: '५.६.१, रिअली ५.४.५'. वरवर नवी, आतून जुनी. आवृत्तीचा आकडा हा काळाचा हिशेब नसतो, तो फक्त क्रम लावण्याचा संकेत असतो, हे याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

मराठीचा मुद्दा

आपल्याला याची झळ जास्त बसते ती फॉन्टमध्ये. मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा र वेगळा. लोहित या मुक्त फॉन्टचं बरंचसं काम रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी केलं, आणि डेबियनमध्ये देवनागरीसाठी एक पॅकेज आहे तसं मराठीसाठी लोहितचं स्वतंत्र पॅकेजही आहे. आता समजा एकाच नावाचा फॉन्ट रेपॉझिटरीतूनही आला आणि कुणीतरी इंटरनेटवरून उतरवून घरच्या फोल्डरमध्येही टाकला. दोन्हींच्या आवृत्त्या वेगळ्या. लिब्रेऑफिस त्यातला एक उचलतो, आणि कुठला ते सांगत नाही. अक्षरांची रुंदी केसभर बदलते, ओळ दुसरीकडे तुटते, कवितेची शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते. कवीला वाटतं संपादकाने कात्री लावली!

घरच्या फोल्डरमधला फॉन्ट ॲप्टला दिसतच नाही, म्हणून तो कधी अपडेटही होत नाही. फ्लॅटपॅक आणि स्नॅपचंही तसंच: त्यांची व्यवस्था स्वतंत्र आहे, ॲप्टच्या प्राधान्यांशी त्यांचा संबंध नाही. 'सगळं अपडेट केलं' असं म्हणण्याआधी या तिन्ही वाटा पाहायला हव्यात.

आपण काय करतो

मंडळाच्या संगणकासाठी या वर्षी आम्ही ठरवलेली पद्धत देते. घरच्या लॅपटॉपलाही चालेल. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

१. आधी मोजणी. कुठल्या कुठल्या रेपॉझिटऱ्या जोडलेल्या आहेत ते सोर्सेसच्या फोल्डरमध्ये दिसतं. ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांनी सिनॅप्टिक हा प्रोग्राम उघडावा. त्यात 'ओरिजिन' निवडलं की कुठल्या ठिकाणाहून कुठली पॅकेजं आली ते वेगवेगळं दिसतं.

२. प्रत्येक नोंदीपुढे एक वाक्य लिहायचं: ही कुणासाठी आणि का जोडली. वाक्य सुचलं नाही तर ती रेपॉझिटरी काढायची. आठातल्या पाच अशाच गेल्या.

३. काढतानाही नीट काढायची. नुसती नोंद पुसली तर तिथून आलेलं पॅकेज संगणकावर तसंच राहतं, आणि त्याला पुढे कुणी वाली उरत नाही. पीपीएसाठी 'पीपीए-पर्ज' नावाचं साधन आहे, ते रेपॉझिटरी बंद करून पॅकेजं उबंटूच्या आवृत्तीवर परत आणतं.

४. शंका आली की 'ॲप्ट पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव. कुठली आवृत्ती बसलेली आहे, कुठली येणार आहे आणि कुठल्या ठिकाणाला किती प्राधान्य आहे, हे सगळं एका नजरेत दिसतं. लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

५. बाहेरच्या रेपॉझिटरीतून एकच पॅकेज हवं असेल, तर बाकीची त्या वाटेने शिरू नयेत म्हणून त्या रेपॉझिटरीचं प्राधान्य कमी करायचं आणि त्या एका पॅकेजचं वाढवायचं.

६. अपग्रेडच्या आधी येणाऱ्या पॅकेजांची यादी वाचायची. विशेषतः 'ही पॅकेजं काढली जातील' हा भाग. तिथे ओळखीचं नाव दिसलं तर 'हो' म्हणण्याआधी थांबायचं.

७. अंकाच्या शेवटच्या आठवड्यात लिब्रेऑफिसला 'होल्ड' लावायचा, म्हणजे त्याची आवृत्ती हलत नाही. अंक निघाला की होल्ड काढायचा. हे विसरलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडकतात, म्हणून होल्डची तारीख वहीत लिहायची. ब्राउझरला होल्ड कधीही लावायचा नाही.

८. पूर्ण नव्या आवृत्तीवर जाताना बाहेरच्या रेपॉझिटऱ्या आधी बंद करायच्या. उबंटूचा अपग्रेड प्रोग्राम हे स्वतःच करतो. त्या परत सुरू करायच्या की नाहीत हे नंतर आपण ठरवायचं.

वहीचा उल्लेख केला, तिच्याबद्दल थोडं. आपल्याच शहरातल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली. तिचं पान उघडलं की वर स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक अक्षरांत कुठल्या हस्तलिखितात काय वेगळं आहे त्याच्या नोंदी. संपादकांचा निर्णय तुम्हाला पटला नाही, तरी त्यांनी काय पाहून तो घेतला हे तुम्हाला कळतं आणि वाद घालता येतो. संगणकावर निर्णय ॲप्ट घेतो, पण त्याला कुठल्या प्रती दाखवायच्या ते आपण ठरवतो, आणि ते लिहून ठेवलं नाही तर दोन वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून संगणकाच्या खणात एक शंभर पानी वही ठेवली आहे. तारीख, काय जोडलं, का जोडलं, कुणी जोडलं असे चार रकाने. सध्या त्यात तीन नोंदी आहेत. आमची बॅच या वर्षी बाहेर पडेल, पुढच्या जूनमध्ये नवीन मुलं येतील आणि त्यांनाही काहीतरी हवं असेल. जरूर जोडा, फक्त वहीत लिहा. आणि ज्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर असा गुंता झाला असेल त्यांनी शनिवारी शेवटच्या तासानंतर तो मंडळाच्या खोलीत घेऊन या. 'ॲप्ट पॉलिसी'पासून सुरुवात करू.